दळण झालं का?

“झालं का?” सरांनी दारातूनच विचारलं.

“झालं, सर.” माझ्यासमोरच्या काळ्या पडद्यावर तसं लिहूनच आलं होतं: ‘सबमिटेड बॅच जॉब ४८२१३’.

“मग एनर्जी किती आली?”

मी लॅपटॉपचं डाउनलोड्स फोल्डर उघडलं. त्यात परवाच्या एसटीचं तिकीट होतं, भाचीच्या बारशाचे फोटो होते, एनर्जी नव्हती. डेस्कटॉप पाहिला. शोधाच्या चौकटीत ४८२१३ टाकून पाहिलं. एक जुनं वीजबिल निघालं. तोवर सर चहाला निघून गेले होते, तेवढीच अब्रू वाचली.

सांगलीहून भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी पुण्यातल्या एका संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, त्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. कागदावरचं क्वांटम मेकॅनिक्स बरं यायचं. कॉम्प्युटर म्हणजे एक्सेल आणि एका सत्रापुरतं शिकलेलं पायथन. काम ऐकायला सोपं होतं. स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर थोडं थोडं बदलत न्यायचं, प्रत्येक अंतराला एकूण ऊर्जा किती येते ते काढायचं आणि आलेख मांडायचा. वक्राचा तळ जिथे लागेल, ते त्या स्फटिकाचं स्वाभाविक अंतर. आठ पदार्थ, प्रत्येकाची पंधरा अंतरं, म्हणजे १२० हिशेब. हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव क्वांटम एस्प्रेसो. नाव कॉफीचं असलं तरी आत घनता-फलन सिद्धांत आहे, ज्याच्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हे सगळं मला तोंडपाठ होतं. उत्तर कुठल्या फोल्डरमध्ये पडतं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

लॅबमधल्या सगळ्यात जुन्या पीएचडीवाल्या सीनिअरला सगळे ताईच म्हणतात. ती माझी शोधाशोध बघत होती.

“अगं, तू गिरणीत दळण टाकून आलीस,” ती म्हणाली. “चिठ्ठी मिळाली. डबा आणायला कोण जाणार? गिरणीवाला घरपोच देतो का?”

मग तिने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. आपण शिरतो ते लॉगिन नोड, म्हणजे गिरणीचा कट्टा. तिथे डबा ठेवायचा, बोलायचं, निघायचं. तिथेच दळत बसलं तर शिव्या पडतात. खऱ्या चक्क्या मागे, त्यांना कॉम्प्युट नोड म्हणायचं. आणि कुणाचं दळण कधी, कुठल्या चक्कीवर घ्यायचं हे ठरवणारा गिरणीवाला म्हणजे स्लर्म. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास हे सॉफ्टवेअर सुरू झालं. नाव ‘फ्युचरामा’ या कार्टून मालिकेतल्या एका शीतपेयाचं, आणि त्यावर बसवलेलं लांबलचक रूप ‘सिंपल लिनक्स युटिलिटी फॉर रिसोर्स मॅनेजमेंट’. त्यातलं ‘सिंपल’ कुठे आहे ते मी अजून शोधते आहे.

माझा मामा पुण्यातला. त्याला महासंगणक म्हटलं की सी-डॅकचा परम आठवतो. १९९१ साली परम ८००० आला तेव्हाची त्याने ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणं मी लहानपणी पाहिली होती, त्यामुळे माझ्या डोक्यात महासंगणक म्हणजे काहीतरी मंदिराएवढी वस्तू. आमचा क्लस्टर, म्हणजे ही सगळी गिरणी, काचेपलीकडून पाहिला तर गोदरेजच्या कपाटांसारखी काळी कपाटं ओळीने उभी आणि पंख्यांचा असा आवाज की शेजारच्या माणसाला खुणेने बोलावं लागावं. माझा ४८२१३ यांतल्या कुठल्या कपाटात आहे, असं मी विचारलं. “कुठेच नाही,” ताई म्हणाली. “तो अजून रांगेत आहे.” एसक्यू ही आज्ञा दिली की रांग दिसते. माझ्या नावापुढे पीडी, म्हणजे पेंडिंग, आणि कंसात कारण: प्रायॉरिटी. साध्या मराठीत, तुमच्यापेक्षा महत्त्वाची माणसं पुढे उभी आहेत.

तो चालला आणि संपला रात्री. सकाळी पाहिलं तर जिथून जॉब टाकला त्याच फोल्डरात ‘स्लर्म-४८२१३.आउट’ नावाची फाइल पडलेली. माझ्या लॅपटॉपवर नव्हे, क्लस्टरवर. प्रोग्रॅम एरवी पडद्यावर जे छापतो, आणि ज्या तक्रारी करतो, ते सगळं वेगळं काही सांगितलं नसेल तर त्या एकाच फाइलमध्ये जातं. पहिला डबा मी फाइलझिलाने आणला, माउसने उजवीकडून डावीकडे ओढून. फार आनंद झाला.

तो आनंद साधारण विसाव्या फाइलपर्यंत टिकला.

सगळ्या फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या पदार्थाचा आणि कुठल्या अंतराचा, हे मी वहीत लिहून ठेवत होते. एकदा ४८२३१ च्या जागी ४८२१३ लिहिलं आणि सिलिकॉनची ऊर्जा तांब्याच्या रकान्यात गेली. एकदा ‘फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का’ या प्रश्नाला झोपेत ‘हो’ म्हटलं. एक फाइल जॉब चालू असतानाच ओढून आणली. ती मधल्याच ओळीत तुटलेली होती, आणि मी मात्र अर्धा तास त्या तुटलेल्या ओळीचा भौतिक अर्थ लावत बसले. ताईने वही पाहिली आणि एवढंच म्हणाली, “डब्यावर नाव घालत नाहीत का तुमच्या सांगलीत?”

घालता येतं. जॉब टाकतानाच आउटपुटच्या नावात टक्का आणि एक्स अशी खूण टाकली की तिथे जॉबचं नाव येतं, टक्का आणि जे टाकलं की क्रमांक. त्या दिवसापासून माझ्या फाइली ‘लोखंड-२.८३-४८३०२.आउट’ अशा दिसायला लागल्या. (खऱ्या नावात लोखंडाला रोमन अक्षरं आहेत, पण मनात मी लोखंडच वाचते.) वही बंद झाली. राहिली ती हमाली, १२० वेळा ओढण्याची. ती पायथनने करायची असं ठरलं. ठरवलं मीच, आणि “दोन दिवसांत करते” असंही मीच सरांना सांगून बसले.

पॅरामिको नावाचं पायथनचं पॅकेज आहे. ते एसएसएचवरून दूरच्या यंत्राशी बोलतं, आज्ञा देतं, फाइली आणतं. एसएसएच हे १९९५ साली फिनलंडच्या तातू य्लोनेन यांनी लिहिलं, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं. ही गोष्ट मला नंतर कळली. आधी कळलं ते असं, की माझी चार ओळींची स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडली: हा सर्व्हर ओळखीच्या यादीत नाही. मी शोधाशोध करून एक ओळ उचलली, जी टाकली की पॅरामिको येईल त्याला ओळखीचा समजून आत घेतो. चाललं! ताईने मागून वाचलं. “दारावर कुणीही आला आणि मी तुझा काका म्हणाला, तर त्याला घरात घेशील?” यंत्राची खूण एकदा स्वतः ताडून यादीत टाकायची आणि अनोळखी आला तर दार लावायचं, हे तिने माझ्याकडून करून घेतलं.

मग आज्ञा सापडेना. मी टर्मिनलवर एसक्यू लिहिलं की चालायचं, तेच स्क्रिप्टने लिहिलं की ‘कमांड नॉट फाउंड’. तोच सर्व्हर, तेच खातं, तीच मी. असं वाटायचं की यंत्र माणूस बघून वागतंय. एका अर्थी ते तसंच होतं. आपण स्वतः लॉगिन करतो तेव्हा आज्ञा घेणारं शेल आपल्या सुरुवातीच्या फाइली वाचतं आणि आज्ञा कुठे कुठे शोधायच्या ते त्याला कळतं. स्क्रिप्ट नुसती एक आज्ञा फेकते तेव्हा हे वाचन होतंच असं नाही. आज्ञेचा पूर्ण पत्ता दिला आणि प्रश्न मिटला. त्यानंतर घराच्या फोल्डरसाठी वापरतात ते नागमोडी चिन्ह. टर्मिनलवर त्याचा अर्थ शेल लावतं. फाइली आणणाऱ्या एसएफटीपीला ते चिन्ह म्हणजे एक अक्षर वाटतं. त्या नावाचं फोल्डर नाही, असं ते मला सभ्यपणे सांगत राहिलं, मी दुपारभर चिडत राहिले.

खरी फजिती पुढे आहे. जॉब संपला की फाइल आणायची, तर संपला हे कळणार कसं? मी सरळ मार्ग काढला. प्रत्येक जॉबसाठी, दर सेकंदाला, एसक्यूला विचारायचं. १२० जॉब. प्रत्येक वेळी नवं कनेक्शन उघडून. स्क्रिप्ट लावून मी जेवायला गेले. परत आले तर माझं लॉगिन बंद आणि क्लस्टर सांभाळणाऱ्यांचं पत्र आलेलं, सरांना प्रत पाठवून. भाषा अगदी मऊ होती. आपल्या खात्यावरून येणाऱ्या विचारणांमुळे इतरांना त्रास होत आहे, कृपया कारण कळवावे.

कारण काय कळवणार? दळण झालं का, दळण झालं का, असं सेकंदाला १२० वेळा विचारत होते म्हणून? एसक्यूच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की ही आज्ञा स्क्रिप्टच्या फेऱ्यांमध्ये घालू नका, कारण ती थेट मुख्य नियंत्रकाला जाऊन विचारते आणि तो सगळ्यांचा एकच असतो. ते मी पत्र आल्यावर वाचलं. सर रागावले नाहीत. “मी तर एकदा अख्खी रांग बंद पाडली होती,” एवढंच म्हणाले आणि तपशील मात्र दिला नाही.

शिवाय ती पद्धत तशीही फसणारच होती. जॉब संपला की नियंत्रक त्याला थोडाच वेळ लक्षात ठेवतो, नेहमीच्या मांडणीत ३०० सेकंद. त्यानंतर विचारलं की ‘इनव्हॅलिड जॉब आयडी’, जणू असा जॉब कधी जन्मालाच आला नव्हता. जुन्या जॉबचा हिशेब असतो तो नोंदवहीत, आणि ती वाचायला एसॅक्ट. आता मी १२० क्रमांक स्वल्पविरामाने जोडून एकदाच विचारते, दर अर्ध्या तासाला एक कनेक्शन.

एसॅक्टचं पण एक आहे. एका जॉबबद्दल विचारलं तर ते तीन ओळी देतं: एक जॉबची, एक त्याच्या बॅचची, एक ‘एक्स्टर्न’ची. माझ्या मोजणीत १२० चे ३६० झाले आणि क्षणभर वाटलं, आपण फारच काम केलं. शिवाय स्थितीचा रकाना दहा अक्षरांचा. मेमरी कमी पडून मेलेल्या जॉबची स्थिती ‘आउट ऑफ मेमरी’, पण ती रकान्यात मावत नाही, म्हणून ‘मेमरी’ची पहिली दोनच अक्षरं आणि पुढे अधिकचं चिन्ह. माझी स्क्रिप्ट पूर्ण शब्द शोधत होती, तो तिला कधीच सापडत नव्हता. आणि माझा नियम असा की ‘फेल्ड’ लिहिलेलं नसेल तर पास. मेलेले तीन जॉब आठवडाभर पास होऊन फिरत होते. फक्त मुख्य ओळ द्या आणि शब्द न तोडता उभ्या रेघांनी वेगळे करून द्या, असं सांगायची सोय आहे. ती वापरल्यावर ते तिघे एकदम उघडे पडले.

आणण्याचं काम तोवर मी पॅरामिकोकडून काढून आरसिंककडे दिलं होतं. १९९६ पासूनचा हा प्रोग्रॅम, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचा. आपल्याकडे आहे ते पुन्हा आणत नाही, आणि येत असलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवून पूर्ण झाली की मगच खरं नाव देतो. अर्धवट फाइलीला खऱ्या नावाने हिंडू न देणारी ही शिस्त मला इतकी आवडली की घरी वाटाण्याच्या डब्यांनाही लावावी असं वाटलं. पण पहिल्या रात्री मी त्याला ‘सगळं फोल्डर आण’ एवढंच सांगितलं. एस्प्रेसो हिशेब करताना तरंगफलनांच्या मोठाल्या फाइली बाजूला टाकत जातो, त्या मला नको होत्या हे त्याला कुठे ठाऊक? मी पीजीत राहते. अकरा वाजता काकूंनी दार वाजवलं. “अगं, तुझं काही चाललंय का इंटरनेटवर? माझी मालिका गोल गोल फिरतेय.” तोवर १९ जीबी उतरलं होतं आणि त्यात मला हवं होतं ते सगळं मिळून एका फोटोएवढं. आरसिंकला काय आणायचं, काय नाही याचे नियम देता येतात, पण ते वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडेल तो चालतो. ‘बाकी सगळं सोड’ हे मी आधी लिहिलं, म्हणून दुसऱ्या रात्री एकही फाइल आली नाही. काकूंची मालिका मात्र छान चालली.

अखेर एका मंगळवारी १२० च्या १२० फाइली लॅपटॉपवर आल्या. स्थिती सगळ्यांची ‘कम्प्लिटेड’, निर्गमन संकेत शून्य, म्हणजे चूक नाही. स्क्रिप्टने प्रत्येक फाइलमधून ‘टोटल एनर्जी’ असलेली शेवटची ओळ उचलली आणि आठ वक्र काढले. सात वक्र वाटीसारखे गोल. आठवा लोखंडाचा, त्यात डावीकडे एक बिंदू वर उडालेला, जसा फोटोत एकच माणूस टाचा उंचावून उभा राहावा.

सरांनी पाहिलं. “नवीन भौतिकशास्त्र सापडलं का?”

मी ती फाइल उघडली, स्क्रिप्टला न विचारता, स्वतः, वरपासून खालपर्यंत. एस्प्रेसो एक उत्तर गृहीत धरतो, सुधारतो, पुन्हा सुधारतो, आणि बदल नगण्य झाला की थांबतो. लोखंड चुंबकीय आहे, ते लवकर स्थिर होत नाही. खाली लिहिलेलं होतं की १०० फेऱ्यांनंतरही जुळणी झाली नाही, थांबत आहे. त्याच्या खाली वेळेचा तक्ता. आणि सगळ्यात खाली, ठसठशीत, ‘जॉब डन’.

त्याने कळवलं होतं आणि थांबला होता. जुळलेल्या ऊर्जेच्या ओळीला तो सुरुवातीलाच उद्गारचिन्ह लावतो, हेही मला त्या दिवशी कळलं. या फाइलमध्ये उद्गारचिन्ह नव्हतंच. माझ्या स्क्रिप्टने शंभराव्या फेरीची अर्धीकच्ची ओळ उत्तर म्हणून उचलली होती. पण मग स्लर्मने ‘कम्प्लिटेड’ का म्हणावं? न जुळता थांबला तर एस्प्रेसो शून्य नसलेला संकेत ठेवून बाहेर पडतो, असं ताई म्हणत होती. आम्ही दोघींनी माझी जॉबची स्क्रिप्ट उघडली. वर मेमरी, वेळ, प्रोसेसरची संख्या. मग एस्प्रेसो चालवणारी ओळ. आणि तिच्याखाली मी पहिल्या आठवड्यात हौसेने घातलेली शेवटची ओळ:

एको “झालं”

ताई टेबलावर डोकं ठेवून हसली. शेलची स्क्रिप्ट संपताना जो संकेत देते तो तिच्या शेवटच्या आज्ञेचा. माझी शेवटची आज्ञा म्हणजे ‘झालं’ हा शब्द छापणं, आणि ते काम कधीच चुकत नाही. एस्प्रेसो जुळो, न जुळो, मध्येच मरो, त्यानंतर ‘झालं’ छापलं जायचं, आणि स्लर्म बिचारा ते प्रमाण मानून नोंदवहीत ‘कम्प्लिटेड’ लिहायचा. १२० जॉबच्या तोंडी मी स्वतःच उत्तर घालून पाठवलं होतं.

ती ओळ काढली. सगळे जॉब पुन्हा टाकले, लोखंडाचा तो प्रत्येक फेरीत जुन्या उत्तरात नवं मिसळण्याचं प्रमाण कमी करून. या वेळी तो ६४ व्या फेरीला जुळला, उद्गारचिन्हासकट, आणि उडालेला बिंदू वाटीत येऊन बसला. तळ २.८३ अँगस्ट्रॉमला लागला. प्रयोगशाळेत मोजलेलं अंतर २.८७ आहे, आणि आमच्या पद्धतीत ते थोडं कमी येतं हे माहीतच होतं.

माझी स्क्रिप्ट आता दर अर्ध्या तासाने एक तक्ता छापते. रांगेतून गेला का, नोंदवहीत स्थिती काय, फाइल शेवटच्या ओळीपर्यंत आली का, उद्गारचिन्ह आहे का. एका ‘झालं’साठी चार रकाने बघून ताई म्हणाली की लग्न ठरवतानाही लोक इतकं बघत नाहीत.

शुक्रवारी सर दारात आले. “झालं का?”

“११९ जुळले, सर. निकेलचा एक वेळ संपून थांबला, तो जास्त वेळ मागून पुन्हा टाकलाय, अजून पीडी आहे.”

त्यांनी आठही वक्र एकेक करून पाहिले, लोखंडापाशी जरा थांबले. “तळाशी बिंदू विरळ आहेत गं. पंधराचे एकवीस कर.”

आठ पदार्थ, प्रत्येकी सहा जादा. ४८ जॉब टाकले, पडद्यावर क्रमांक धावत गेले, आणि या वेळी मीही सरांबरोबर चहाला गेले.